टोक नसलेली शिवण

बारकीच्या तोंडात चार टाचण्या होत्या, म्हणून हवालदाराच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला देता आलं नाही.

"मास्तर कुठायत?" त्यानं दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं होतं. हातात एक कागद, आणि हे काम माझ्याच गळ्यात का पडलं असा चेहरा.

बारकीनं लाकडी पुतळ्यावरच्या कोटाची बाही सोडली आणि एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचली. सावकाश. ही युक्ती बापानंच, म्हणजे मास्तरांनीच शिकवलेली. गिऱ्हाईक भांडायला आलं की आधी टाचण्या ओठांत धरायच्या. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही. समोरच्याचं बोलून संपतं आणि भांडण निम्म्यावर येतं. पण चार टाचण्या पुरून पुरून पुरणार किती?

"मागं आहेत. अंगणात," ती म्हणाली.

"अंगावर काही आहे का?"

बारकीनं उशीतली टाचणी उगाच अजून आत दाबली. हवालदाराला काय ते समजलं. त्यानं कागद उलगडला.

"तक्रार आलीये, ताई. 'शेजारील वृद्ध इसम रोज सकाळी अंगणात विवस्त्र बसतो.' सात तारखा लिहिल्यात. वेळसुद्धा, मिनिटासकट."

"म्हणजे गणिताच्या बाईंनी दिली."

"कुणी दिली ते मला सांगता येत नाही," हवालदार म्हणाला आणि मागच्या बाजूला उठलेल्या बाईंच्या नव्या माडीकडे बघू लागला, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

बारकी आता पन्नाशीला टेकली होती आणि दुकानाच्या दारातून जरा तिरकीच आत यायची, पण नाव लहानपणी पडलं ते पडलं. ती चिडली की आवाज मात्र अजून बारीक व्हायचा. "अंगण आमचं आहे," ती म्हणाली. "कागद दाखवू? चारी बाजूंनी भिंत आहे. रस्त्यावरून कुणाला नखसुद्धा दिसत नाही. आपल्या जागेत, आपल्या भिंतीच्या आत माणसानं काय घालायचं ते पण आता पोलीस ठरवणार?"

"मी कशाला ठरवू? मी आपला निरोप्या." तो खरंच ओशाळला होता. "पण अंगण तुमचं असलं तरी खिडकी त्यांची आहे ना. तिथून खाली बघायला बंदी थोडीच आहे? हे बघा, आज मी समज देऊन जातो. आठ दिवसांनी येईन. मास्तर कपड्यांत दिसले की हा कागद बंद. नाही दिसले तर गाडी घेऊन यावं लागेल, आणि एकदा गाडीत बसवलं की पुढचं माझ्या हातात नाही. डोकं ठिकाणावर नाही म्हटल्यावर साहेब सरळ संस्थेत पाठवतात."

पायरी उतरून तो परत वळला. "ही पँट मास्तरांनीच शिवलीये. कमरेत जरा सैल होईल का?"

"होईल. आत कापड सोडलेलं असेल. ते सोडतातच."

तो गेल्यावर बारकी मागच्या दारात येऊन उभी राहिली. लिंबाच्या झाडाजवळ, उन्हात, इस्त्रीच्या जुन्या स्टुलावर मास्तर बसले होते. अंगावर सूतभर कपडा नव्हता. ऐंशी पार केलेली पाठ, मणका न मणका मोजून घ्यावा अशी. शेजारी सदऱ्याचे तुकडे व्यवस्थित घडी करून ठेवलेले: दोन बाह्या, पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर. मास्तर कपडे काढत नसत, उसवत असत. फाडणं त्यांच्या हातून झालंच नसतं. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी पन्नास वर्षं वाढवून धारेला ठेवलेलं होतं. शिवणीचं टोक त्या नखाला सापडलं की एक ओढ, आणि सर्रकन बाही हातात. माणसांची नावं गेली, जेवल्याची आठवण गेली, बायको वारलेली होती तीही पुन्हा पुन्हा जिवंत व्हायला लागली, पण नखाचं काम जसंच्या तसं शाबूत होतं.

"बाबा, सदरा का उसवला?"

"टोचतंय गं. अजून ट्रायलवर आहे. टाचण्या काढल्या नाहीत कुणी."

हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अंगावरचं प्रत्येक कापड कच्चं आहे, टाचण्या लावून नुसतं अंगावर चढवून बघितलंय, आणि ते उसवून पुन्हा नीट शिवायचं आहे. बारकीनं सदरा उलटासुलटा करून दाखवला, त्यांचाच हात त्यावरून फिरवला. टाचणी नव्हती. पण टोचत होतं ते टोचतच होतं. घरात कोंडून बघितलं तर त्यांनी दोन दिवस दारावर धडका दिल्या, अन्नाला शिवले नाहीत, मनगट सुजवून घेतलं. जन्मभर अंधाऱ्या दुकानात मान घालून बसलेल्या माणसाला आता ऊन हवं होतं, आणि ते उघड्या अंगाला हवं होतं. अंगणात आले की शांत. तासन्‌तास तिथं बसत, काही मागत नसत.

हवालदारानं काढलेलं संस्थेचं नाव बारकीच्या डोक्यातून जाईना. तिनं ती संस्था आतून बघितली होती. दोन वर्षांपूर्वी तिथल्या माणसांसाठी चाळीस झगे शिवायचं काम दुकानाला मिळालं होतं. नमुना बघून तिला वाटलं, मापात चूक आहे, कारण बाह्या हातापेक्षा वीतभर लांब होत्या आणि टोकाला नाड्या होत्या. चूक नव्हती. नाड्या पाठीमागे बांधायच्या असतात, असं तिथल्या बाईनं सांगितलं, म्हणजे हात चळवळ करत नाहीत. बारकीनं चाळीसच्या चाळीस झगे शिवून दिले होते. नाड्या तर तिनं दुहेरी शिवणीनं पक्क्या केल्या होत्या. आता त्या पक्क्या नाड्या तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

दुसऱ्या दिवशी ती वकिलाकडे गेली. त्याचे काळे कोट दुकानातच शिवले जायचे, त्यामुळे फीचा विषय त्यानंच हातानं झटकला.

"आपल्या जागेत, आडोशाला, माणूस काही न घालता बसला तर तो गुन्हा नाही," वकील म्हणाला. "हे आधी डोक्यात घ्या. तुमचे वडील गुन्हेगार नाहीत."

बारकीला इतकं हायसं वाटलं की तिला पाणी मागावं लागलं.

"पण आडोसा पाहिजे. दुसऱ्याला सहज दिसत असेल तर जागा तुमची असून उपयोग नाही. मग मुद्दा येतो हेतूचा. कुणाला त्रास द्यावा म्हणून बसतात का? नाही बसत. आजारी आहेत. ते आपण सिद्ध करू."

"मग करा की."

वकिलानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सिद्ध करायचं म्हणजे डॉक्टरचा कागद लागेल, की यांना काही समजत नाही. तो कागद मी पुढे केला की खटला मी जिंकतो. आणि जज्जसाहेब लगेच विचारणार, समजत नाही तर यांच्यावर लक्ष ठेवायला कोण आहे? एकटी मुलगी, दिवसभर दुकानात. मग ते मास्तरांच्या भल्यासाठीच त्यांना संस्थेत पाठवतील. कळतंय का? समजतंय म्हटलं तर गुन्हा, समजत नाही म्हटलं तर संस्था."

"इकडे आड, तिकडे विहीर."

"तुम्ही आपला आडोसा बघा, ताई. तेवढंच तुमच्या हातात आहे."

आडोसा कसला बघणार? गवंडी आला, भिंत बघून हसला. माडीवरची खिडकी अडवायची तर भिंत तिप्पट उंच करावी लागेल, आणि डोक्यापेक्षा उंच भिंतीला परवानगी मिळत नाही. मग बारकीनं दुकानातलं होतं नव्हतं ते अस्तराचं कापड काढलं, दोन दिवस बसून अंगणावर ताणायला एक मोठं छत शिवलं आणि लिंबापासून भिंतीपर्यंत बांधलं. मास्तरांनी मान वर करून ते बराच वेळ न्याहाळलं. बारकी गिऱ्हाइकाला बाहेर पोचवून परत येते तो काय, मास्तर स्टुलावर उभे, हात वर, आणि छताच्या अकरा पट्ट्या घडी करून खाली ठेवलेल्या. शेवटची हातात होती.

"टोक बाहेर राहिलंय तुझं," ते रागानं म्हणाले. "कितीदा सांगायचं, बारके? उसव."

स्टुलावरून पडले असते तर काय झालं असतं, या धास्तीनं बारकीनं त्यांना घाईनं धरून खाली उतरवलं, तरी तिला हसू आलं. निदान ओळखलं तरी. पस्तीस वर्षं हेच ऐकत आली होती ती. मास्तरांच्या हाताखाली तिनं काज केली, बटणं लावली, मग बाह्या, मग आख्खे कोट. प्रत्येक वेळी ते शिवण उजेडात धरत, नख फिरवत, आणि म्हणत, टोक दिसतंय, उसव. चांगलं झालंय असं एकदाही म्हणाले नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर नाही.

त्या संध्याकाळी ती गणिताच्या बाईंकडे गेली. भांडायलाच निघाली होती, पण बाईंनी दार उघडलं आणि तिला सरळ आतल्या खोलीत नेलं. खिडकीशी टेबल होतं. टेबलाशी बाईंची दहा वर्षांची मुलगी वहीत त्रिकोण काढत बसली होती. बाईंनी तिला बाहेर पाठवलं.

"पडदा लावा की," बारकी म्हणाली.

"लावला होता. खोलीला ही एकच खिडकी आहे. दिवसाढवळ्या दिवा लावून बसवू पोरीला? आणि पडदा लावला की तिचं सगळं लक्ष पडद्याकडे." बाई टेबलाच्या कडेला टेकल्या. "मला कळत नाही असं समजू नका. माझा शाळेचा गणवेश मास्तरांनी शिवलाय. माप घेताना तुम्ही फीत धरायचात आणि ते भिंतीकडे तोंड करून आकडे लिहायचे. माझ्या आईला त्याचं किती कौतुक होतं. तारखांचा कागद मी दोनदा लिहून फाडला. पण पोरीनं विचारलं, आई, आजोबा असे का, तर मी काय सांगू?"

बारकीनं खिडकीतून खाली बघितलं. ऊन उतरायला आलं होतं, मास्तर अजून स्टुलावर होते. वरून ते फारच लहान दिसत होते. घरी रोज त्यांना अंघोळ घालताना तिला काही वाटत नसे, पण इथून, दुसऱ्याच्या खिडकीतून, सगळंच दिसत होतं. झुकलेली छाती, सुरकुतलेलं पोट, मांड्यांमधलं सगळं. आपसूक तिनं मान भिंतीकडे फिरवली, मास्तर फिरवायचे तशी.

लोक आपली अब्रू घडी करून आपल्या दुकानात ठेवायला येतात, ती उलगडून बघायची नसते, असं मास्तर म्हणायचे. कपडे बदलायच्या पडद्याआड सदरा द्यायचा तरी नजर जमिनीवर. साऱ्या गावाची लाज झाकून झाली आणि स्वतःच्या वेळेला अंगणावरचं छत ठरेना. बारकीला बाईंचा राग आणायचा होता. येईना. बाईंचं चुकत नव्हतं, हवालदाराचं चुकत नव्हतं, बापाचं तर नव्हतंच. कुणाचंतरी चुकत असतं तर भांडता तरी आलं असतं.

"अजून थोडे दिवस द्या," ती म्हणाली.

"माझ्या हातात आहे का आता ते?" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

त्यानंतर घरात बापलेकीची जुगलबंदी सुरू झाली. पाठीवर बटणं असलेला सदरा तिनं शिवला, मास्तरांनी बटणांकडे बघितलंही नाही, बगलेतून उसवला. मेकॅनिक लोक घालतात तसा पायांपासून गळ्यापर्यंत एकच अंगरखा शिवला, पाठीवर चेन लावून. चहा गाळून होईपर्यंत चेन एकीकडे आणि अंगरखा दुसरीकडे. जाड दोरा वापरला, दुहेरी टीप मारली, तिहेरी मारली. नखाला टोक सापडायचंच. जी शिवण ती घालायची ती त्यांनीच शिकवलेली, मग कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे त्यांना माहीत नसणार तर कुणाला? परगावी राहणारा भाऊ फोनवर म्हणाला, "एवढं काय डोकं लावतेस? नख कापून टाक." बारकीनं कात्री हातात घेतलीसुद्धा. मास्तरांनी विश्वासानं अंगठा पुढं केला, आणि तिच्यानं ते झालं नाही. त्या नखानं तिला वाढवलं होतं. तिनं कात्री खाली ठेवली.

हवालदाराच्या मुदतीतल्या सातव्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ती बसली. वर्षानुवर्षं धुवून मऊ पडलेली एक सुती चादर घेतली, टोचू नये म्हणून. प्रत्येक शिवण कापडाच्या आत घेतली, ती शिवण दुमडून पुन्हा आत घेतली. दोऱ्याचं टोक तिनं सुईनं मागे वळवून दोन थरांच्या मध्ये इतकं खोल नेलं की तिचं तिलाच नंतर सापडेना. घाई केली नाही. एक बाही मनासारखी झाली नाही ती तिनं स्वतःच उसवली. संध्याकाळी अंगरखा उजेडात धरून बघितला, तर कापड जणू असंच विणून आलंय असं वाटलं. पाठ तेवढी उघडी होती. ती अंगावर घातल्यावरच शिवायची होती.

दुकानाचा एक नियम होता, मास्तरांनी घालून दिलेला. माणसाच्या अंगावर टाचणी चालते, सुई नाही. आठव्या दिवशी सकाळी बारकीनं तो मोडला. अंघोळ झाल्यावर तिनं बापाला तीन पाखांच्या आरशापुढं उभं केलं, अंगरखा चढवला आणि मानेपासून खाली हातानं शिवत आली. सुई कातड्याला लागू नये म्हणून डावा हात आतून धरला होता. मास्तर जरासुद्धा हलले नाहीत. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि शिवून होईपर्यंत तसेच उभे राहिले, दुसऱ्या कुणाचं तरी माप चाललंय असे. शेवटची गाठ तिनं कापडाच्या आत ओढून घेतली. दुपारी घरात आणून कापायचं, उद्या पुन्हा शिवायचं. रोज. किती दिवस, याचा तिनं विचार केला नाही.

हवालदार अकराच्या सुमाराला आला. त्याच्या हातात ती पँटही होती. मास्तर उन्हात स्टुलावर बसले होते, गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेले. अंगठ्याचं नख मांडीवरच्या शिवणीवरून खाली जात होतं, वर येत होतं, पुन्हा खाली.

"बघा, झालं की नाही?" हवालदार मनापासून खूश झाला. "उगीच घाबरला होतात. काय मास्तर, कसं काय?"

मास्तरांनी वर बघितलं नाही. हवालदारानं कागदावर काहीतरी लिहिलं, घडी केली आणि खिशात ठेवला. माडीवरच्या खिडकीत मुलगी वहीत मान घालून बसली होती. पँट ठेवून तो गेला, जाताना म्हणाला, "असंच ठेवा म्हणजे काही प्रश्न नाही."

बारकी दुकानात गेलीच नाही. शिवायचं काम घेऊन मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली. बाप टोक शोधत होता. आधी मांडीवर, मग बगलेत, मग मनगटाशी. बाराच्या पुढं नखाच्या कडेला रक्त दिसायला लागलं आणि चादरीवर बारीक ठिपके उमटले. ती उठली, त्याचा हात हातात घेतला, पुसला. त्यानं हात सोडवून घेतला आणि पुन्हा शिवणीवर ठेवला. घरात चला म्हटलं तर स्टूल घट्ट धरून बसला. अंगणात ऊन होतं तोवर तो उठणार नव्हता.

शेवटी तो थांबला. बाही उजेडात धरली, डोळे बारीक करून बघितली. मग मान वर करून त्यानं बारकीकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, अदबीनं.

"हे कुणी शिवलंय?"

"मी, बाबा."

"टोक सापडत नाही," मास्तर म्हणाले. पुन्हा एकदा नख फिरवलं. "चांगला हात आहे तुमचा. फार चांगला आहे. पन्नास वर्षं मी या धंद्यात आहे, अशी शिवण बघितली नाही."

पस्तीस वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते आलं होतं, आणि आलं ते असं.

"माझी मुलगी आहे," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "बारकी. कामाला वाघ आहे, पण तिचं टोक बाहेर राहतं. तिला शिकवाल का एवढं?"

"शिकवते," बारकी म्हणाली. तिला रडू आलं ते तिनं आवरलं नाही. तिच्या रडण्याकडे बघून मास्तरांनी नजर दुसरीकडे वळवली.

थोड्या वेळानं त्यांनी रक्ताळलेला अंगठा पुढं केला आणि बारकीच्या गळ्यात दोरीला लटकणारी कात्री दाखवली.

"आता उसवा, ताई," ते म्हणाले. "टोचतंय हो मला."

वरची खिडकी उघडी होती. बारकी परत उंबऱ्यावर जाऊन बसली. तिनं डबी उघडली आणि एकेक करून चार टाचण्या ओठांत धरल्या.